"आई, हा कोण, ओळख बरं?"

"आईला जुने फोटो दाखवले की ती चिडते, नाहीतर रडते. दाखवायचे बंदच करू का, मॅडम?" आईवडिलांना स्मृतिभ्रंश झाला की मुलं हे विचारतातच. गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मी विचारलं, "फोटो दाखवताना काय बोलता?"

"विचारते, हा कोण, ओळख बरं?"

दुखत होतं ते इथेच. आपल्याला वाटतं, डोक्याला ताण दिला की आठवण टिकेल. आईसाठी मात्र ती परीक्षा होते, आणि नापास व्हायचं ते पोटच्या मुलीसमोर. मी त्यांना प्रश्न सोडायला सांगितला. 'हा नानामामा, तुझ्या लग्नातला' असं आपणच सांगायचं आणि गप्प बसायचं. ती बोललीच तर तिच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. नाव-साल चुकलं तरी दुरुस्त करायचं नाही. फारच अस्वस्थ झाली तर त्या दिवशी राहू द्यायचं.

त्यांचे अल्बम चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले. तो डिंक पिवळा पडतो, फोटोही खराब करतो. सहज सुटतील तेवढेच फोटो सोडवा, म्हटलं. घट्ट बसलेले ओढू नका, पानासकट मोबाइलवर टिपून प्रिंट काढा. मग जाड कागदाची साधी वही, कागदी कोपऱ्यांत बसवलेला एका पानावर एकच फोटो, खाली ठळक अक्षरांत दोन ओळी. पंधरा-वीस फोटो पुष्कळ झाले. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो.

आईंचं बालपण पुण्यात नारायण पेठेत, नदीजवळ गेलेलं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, पुराचं पाणी पेठेत शिरलं, आणि लहानपणीचा एकही फोटो उरला नाही. "म्हणजे वही लग्नापासूनच सुरू होणार," ताई म्हणाल्या. मी म्हटलं, पहिली दोन पानं कोरी ठेवा.

महिन्याभरानं त्या वही घेऊन आल्या. पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात आईचे शब्द होते: 'न्हाणीत आमचा तांब्याचा बंब होता. पूर ओसरल्यावर गाळात सापडला. आईनं चिंच लावून घासला, आणि त्याच बंबाच्या पाण्यानं आम्हाला न्हाऊ घातलं.'

"हेच पान सारखं वाचून घेते," ताई म्हणाल्या. "रडते अजूनही."

"मग काय करता?"

"पूर्वी अल्बम मिटून टाकायचे. आता शेजारी बसून राहते."