छोट्या मालवाहू गाडीचा ब्रेक दुसऱ्या दाबाला लागतो. नुसता अॅडजस्ट करून भागेल का?

आपल्या पिकअपचे ब्रेक पेडल पहिल्या दाबाला खोल जाते, दुसऱ्या दाबाला वर येते आणि ब्रेक लागताना गाडी डावीकडे ओढते. मागचे लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे अस्तर) घट्ट करून घेतले तर चालेल का, असे आपण विचारले आहे. मी रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या वाहतुकीसाठी अशीच गाडी वापरतो आणि तिच्या ब्रेकची कामे स्वतः करतो. माझे स्पष्ट मत असे, की पेडलचा दाब नेमका कुठे वाया जातो हे कळल्याशिवाय अॅडजस्टरला, म्हणजे लायनर आणि ड्रममधील अंतर जुळवणाऱ्या स्क्रूला, हात लावू नये.

इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेले, तर बाहेर कुठे तरी गळती आहे किंवा पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचे रबर आतून गेले आहे. दाबताना स्पंजासारखे मऊ लागले, तर ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे. मात्र दोन-तीनदा दाबल्यावर पेडल कडक होऊन तिथेच टिकत असेल, तर मागच्या लायनर आणि ड्रममधील अंतर वाढलेले असण्याची शक्यता जास्त, आणि अॅडजस्टमेंटचा खरा उपयोग एवढ्याच दोषाला होतो.

गाडी ओढण्याबाबत एक गैरसमज नेहमी आढळतो. ज्या बाजूचा ब्रेक चांगला लागतो, त्या बाजूला गाडी ओढली जाते. म्हणून डावीकडे ओढणाऱ्या गाडीचे उजवे चाक आधी उघडावे. पुढे डिस्क असल्यास कॅलिपरचा (डिस्कला पॅडने चिमटणाऱ्या भागाचा) पिस्टन किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या सरकपिना अडकल्या आहेत का ते पाहावे. मागे लायनर ड्रमकडे ढकलणारा व्हील सिलिंडर गळून लायनर तेलकट झालेले असले, तर ते धुऊन पुन्हा बसवू नयेत. सिलिंडर दुरुस्त करून दोन्ही बाजूंचे लायनर एकदमच बदलावेत.

काम सपाट जागेवर करावे, पुढच्या चाकांना दगड लावावेत, हँडब्रेक पूर्ण सोडावा आणि गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्यावी. ड्रम काढल्यावर आतली धूळ फुंकू नये किंवा हवेच्या पाइपने उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. आमच्याकडे पावसाळ्यात केळीच्या बागेतून गाडी बाहेर काढली, की काळ्या मातीचा चिखल ड्रममागच्या पत्र्याच्या, म्हणजे बॅकप्लेटच्या, फटीतून आत शिरतो आणि वाळल्यावर अॅडजस्टरचे आटे असे धरतो, की पाना लावला तरी दातेरी चाक हलत नाही. ते ब्रशने साफ करून, आट्यांना उष्णता सोसणारे ग्रीस अगदी थोडे लावावे. व्हील सिलिंडरची रबरे पेट्रोलने किंवा डिझेलने धुऊ नयेत, ती फुगतात. त्यासाठी ब्रेक ऑइलच वापरावे.

ड्रम बसवल्यावर चाक हाताने फिरवत अॅडजस्टर आवळत न्यावा आणि चाक जाम झाले, की ते मोकळे फिरून लायनरची किंचित घासर ऐकू येईपर्यंत मागे सोडावा. मग पेडल दोन-चार वेळा जोरात दाबावे, म्हणजे शू (लायनर बसवलेल्या कमानी) मध्यावर येतात, आणि घासर पुन्हा तपासावी. हँडब्रेकची केबल यानंतरच आवळावी. आधी केबल आवळली, तर शू अर्धवट उघडे राहतात आणि सारे माप चुकते. आपल्या गाडीत आपोआप जुळणारे अॅडजस्टर असतील, तर पुस्तिकेतील पद्धत पाळावी.

लाइनमधील हवा काढताना बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. पेडल दाबलेले असतानाच चाकाजवळचे हवा काढण्याचे निपल उघडावे, ते बंद झाल्यावरच पेडल सोडावे आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतील तेल तळाला जाऊ देऊ नये. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते: डॉट 3 दर्जाच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा धरलेल्या तेलासाठी ती मर्यादा 140 अंशांवर येते. कन्नड घाट माल भरून उतरताना सतत ब्रेकवर पाय राहिला, तर असे तेल उकळून वाफ होते आणि पेडल एकाएकी रिकामे जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी तेल बदलावे, आणि घाटात खालच्या गिअरमध्येच उतरावे.

पहिली चाचणी रिकाम्या मैदानात हळू वेगाने घ्यावी. नंतर चार-पाच किलोमीटर चालवून दोन्ही मागच्या ड्रमजवळ हात न लावता तळवा धरावा. एक बाजू स्पष्ट जास्त तापलेली असेल, तर तिकडचा अॅडजस्टर थोडा सैल करावा. मात्र पेडल अजूनही खाली बसत असेल, तर गाडीत माल न भरता ती ओढूनच गॅरेजला न्यावी.