वर्दी आटोपल्यानंतरची जबाबदारी

आपत्तीच्या जागी सर्वांत आधी पोहोचणाऱ्या दलांतील अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांच्या मनःस्वास्थ्याविषयी विचारलेल्या चार प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी अग्निशमन केंद्राचा प्रमुख आहे. तीन आठवड्यांपूर्वी एका इमारतीच्या आगीतून आम्ही दोन मुलांचे मृतदेह बाहेर काढले. तेव्हापासून दोन जवान गप्प असतात, तर एक जण वर्दीची, म्हणजे मदतीसाठी बोलावणे आल्याची, घंटा वाजली की दचकतो. सर्वांना एकत्र बसवून त्या रात्रीचे सगळे बोलून घ्यावे का?

सक्तीने बसवू नका. अशी बैठक घेण्याची पद्धत अनेक देशांत रूढ होती. परंतु तिने पुढचा मानसिक आजार टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो, असे दिसून आले आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत ती वापरू नये असे सांगितले. शिडी कुठे अडली, पाणी कधी कमी पडले, हा कामाचा आढावा जरूर घ्या; मात्र त्यात कोणाला काय वाटले याची चौकशी मिसळू नका.

त्या तिघांना एकेकटे भेटा. ‘कसा आहेस?’ या प्रश्नाला ‘बरा आहे साहेब’ एवढेच उत्तर मिळते, म्हणून झोप लागते का, जेवण जाते का, घरी मुलांजवळ बसवते का, असे साधे प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. अशा प्रसंगानंतर काही दिवस दचकणे, धुराचा वास आठवणे, झोप उडणे स्वाभाविक आहे, हे तुमच्या तोंडून ऐकले तरी माणसाला धीर येतो. हाच त्रास महिन्यापलीकडे टिकला तर मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या आणि ती भेट ड्यूटीच्या वेळेतच बसवा. सुट्टीच्या दिवशी जा म्हटले, तर बहुतेक जण जात नाहीत.

प्रश्न : दरड कोसळलेल्या गावात माझ्या पथकाने अनेक दिवस शोध घेतला. काही माणसे सापडण्याआधीच काम थांबवण्याचा आदेश आला. परतल्यावर माझी माणसे स्वतःला दोष देत आहेत. त्यांना काय सांगू?

इर्शाळवाडीचे उदाहरण आपल्यासमोर आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील त्या वाडीवर दरड कोसळली. वर जायला रस्ता नव्हता, यंत्रे पोहोचत नव्हती, पावसात पायी चढून कुदळ-फावड्याने माती उपसावी लागत होती, आणि मदतीला निघालेला नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढण चढतानाच हृदयविकाराच्या झटक्याने गेला. 23 जुलैला शोध थांबला तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 जण बेपत्ता होते. हातातले फावडे अशा वेळी खाली ठेवणाऱ्याला आपणच कोणाला तरी मागे सोडून आलो असे वाटत राहते, आणि तसे वाटण्यात त्याची काहीही चूक नसते.

म्हणून काम थांबवण्याचा निर्णय कोणी घेतला आणि कोणत्या कारणांनी घेतला, हे पथकाला समोर उभे राहून, स्पष्ट शब्दांत सांगा. कारण कळले नाही की प्रत्येक जण ते स्वतःच्या कमतरतेत शोधू लागतो. ‘विसरून जा’ असे चुकूनही म्हणू नका. तेथे केलेल्या कामाचे तपशील, कोणी किती वेळ खणले, कोणी कोणाच्या नातेवाइकाला सावरले, नावानिशी बोलून दाखवा. आणि पुढच्या मोहिमेआधी त्यांना पुरेशी विश्रांती मिळेल हे स्वतः पाहा.

प्रश्न : मी 108 रुग्णवाहिकांच्या कामावर देखरेख करतो. माणसे कमी असल्याने एका केसनंतर गाडी लगेच दुसरीकडे पाठवावी लागते. समुपदेशकाचे व्याख्यान ठेवले तर उपयोग होईल का?

थोडा होईल, पण आधी वेळापत्रक पाहा. गंभीर अपघातानंतर रक्ताने माखलेली गाडी धुऊन, साहित्य भरून, डॉक्टर आणि पायलट (म्हणजे गाडीचा चालक) दोघांनी पाणी पिईपर्यंत ती उपलब्ध दाखवू नका. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात 2016 मध्ये आठ तासांची पाळी सुरू झाली ती तेथल्याच एका कर्मचाऱ्याने मांडलेल्या आराखड्यावरून. तुमच्याकडचे पायलटही पाळ्या कशा लावाव्यात हे नेमके सांगू शकतील.

प्रश्न : मी पोलीस निरीक्षक आहे. एक शिपाई बंदोबस्तावरून आल्यावर ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असे सहकाऱ्याला म्हणाला. उपचाराला पाठवले तर सेवापुस्तकात नोंद होईल, या भीतीने तो नकार देतो.

आजच, दोघेच असताना बोला. जीव देण्याचा विचार येतो का, हे थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. त्याच्याकडील शस्त्र शांतपणे जमा करून घ्या, त्याला बिनशस्त्र काम द्या आणि ही शिक्षा नाही असे सांगा. त्याला एकटे सोडू नका. आजच मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या आणि घरच्या एका व्यक्तीला विश्वासात घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत, चोवीस तास बोलता येते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. जिवाला धोका असेल तेव्हा आवश्यक तेवढी माहिती सांगता येते. ठाण्यात मात्र ही गोष्ट तुमच्यापलीकडे जाऊ देऊ नका, आणि ड्यूटी लावणाऱ्या हवालदाराला फक्त इतकेच सांगा की याला काही दिवस रात्रपाळी नको.