सलग बोलण्यातले ध्वनी वेगळे कसे करावेत?

प्रश्न : परभणी परिसरातील शेतकऱ्यांच्या ध्वनिमुद्रित बोलण्यावरून आम्ही उच्चार ओळखून मजकूर लिहिणारी प्रणाली तयार करत आहोत. शांतता आढळेल तिथे आवाज तोडला, तर ‘पत्ता’ हा शब्द मधूनच तुटतो आणि ‘आई यायली’ मात्र अखंड राहते. ध्वनींच्या सीमा कशा ठरवाव्यात? – एक विद्यार्थी, परभणी

उत्तर : ‘पत्ता’ म्हणताना जीभ वरच्या दातांमागे टेकून हवा क्षणभर पूर्ण अडवते, ती शांतता ‘त’चाच भाग असते. ‘आई यायली’मध्ये हवा कुठेच अडत नाही, त्यामुळे दोन शब्दांमध्ये तोडण्याजोगी जागाच नसते. शिवाय शेजारचे ध्वनी एकमेकांत मिसळतात : ‘कू’ म्हणताना ‘क’ सुटण्याआधीच ओठ गोल झालेले असतात.

म्हणून आधी तोडणे आणि मग ओळखणे हा क्रम सोडावा. आवाजाच्या साधारण २५ मिलिसेकंदांच्या चौकटी, म्हणजे छोटे तुकडे, दर १० मिलिसेकंदांनी घेतात आणि लिहून काढलेल्या वाक्यातील ध्वनींचा क्रम त्या चौकटींवर कसा बसवला असता सर्वाधिक संभाव्य ठरतो, हे संगणक व्हिटर्बी या गणनपद्धतीने शोधतो. सीमा त्यातूनच मिळतात. याला फोर्स्ड अलाइनमेंट म्हणतात.

तुमच्या कामातला खरा धोका इथेच आहे. बोलणारा ‘आई यायली’ म्हणाला आणि लिहिणाऱ्याने प्रमाण मराठीत ‘आई येत आहे’ असे लिहिले, तर संगणक नसलेल्या ‘त’ आणि ‘ह’ यांनाही जागा देतो. प्रत्येक ध्वनीच्या सुरुवात, मध्य, शेवट अशा तीन अवस्था मानणाऱ्या नेहमीच्या हिडन मार्कोव्ह मॉडेलमध्ये (ध्वनींचा क्रम संभाव्यतेने मांडणाऱ्या गणिती रचनेत) ती जागा किमान ३० मिलिसेकंदांची असते, कारण प्रत्येक अवस्थेला निदान एक चौकट द्यावी लागते. मग शेजारच्या सीमा सरकतात आणि मॉडेल चुकीचे उच्चार शिकते. मराठवाड्याची बोली जशी कानावर पडते तशीच लिहावी, याबाबत मी आग्रही आहे. प्रमाण रूप हवे असल्यास ते वेगळ्या रकान्यात ठेवावे.

काही वाक्यांच्या सीमा ‘प्रात’ (Praat) या ध्वनी तपासण्याच्या मोफत संगणक प्रणालीत डोळ्यांनी व कानांनी तपासाव्यात. ‘प’, ‘त’ यांचा स्फोट स्पष्ट दिसतो, पण ‘य’ स्वरांत विरघळतो. तिथे सीमा कुठे मानायची याचा नियम आधीच लिहून ठेवावा, म्हणजे तपासणारे बदलले तरी मोजमाप बदलत नाही.

केवळ मजकूर हवा असेल, तर २००६ मध्ये मांडलेल्या सीटीसी (कनेक्शनिस्ट टेम्पोरल क्लासिफिकेशन) या प्रशिक्षण पद्धतीत प्रशिक्षणासाठी सीमा लागतच नाहीत. लांबलचक ध्वनिमुद्रणाचे वाक्यागणिक तुकडे पाडण्यासाठी मात्र बोलण्यातले दीर्घ विराम अवश्य वापरावेत.