स्थिरांक, नियतांक आणि ग्रहांच्या कक्षा

दादरहून एका वाचकांनी विचारलं आहे: वाचनालयाच्या फलकावर ‘वैश्विक स्थिरांक आणि ग्रहांच्या कक्षा’ या व्याख्यानाची सूचना लागली आहे. शाळेत ‘स्थिरांक’ शिकलो, एका जुन्या पुस्तकात ‘नियतांक’ दिसला. दोन्ही एकच का? आणि पृथ्वीच्या कक्षेच्या आकड्यांनाही स्थिरांक म्हणायचं का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. अर्थ एकच, न बदलणारी संख्या, आणि मराठीत ‘स्थिरांक’ केव्हाच रुळला. ‘वैश्विक गुरुत्व स्थिरांक’ दहावीपासून तोंडात बसलेला. तो उपटून काढण्यात काही हशील नाही. मला मात्र ‘नियतांका’चा थोडा मोह पडतो. नियत म्हणजे ठरवून दिलेला, आणि प्रकाशाचा वेग १९८३ पासून अक्षरशः नियत आहे: सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, ना एक कमी ना एक जास्त, कारण मीटरची व्याख्याच त्यावर बेतली आहे. गुरुत्व स्थिरांकाचं तसं नाही. तो अजून मोजावाच लागतो, आणि चौथ्या अंकाच्या आसपास प्रयोगाप्रयोगांत एकमत होत नाही. (नुसता ‘अंक’ मागे लागला म्हणून स्थैर्य येत नाही, हे दलाल स्ट्रीटवरच्या निर्देशांकाकडे पाहणाऱ्याला सांगायला नको.)

दुसऱ्याचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. पृथ्वीच्या कक्षेचा लंबगोलपणा (शून्य म्हणजे अचूक वर्तुळ) आज ०.०१६७ आहे; लाखभर वर्षांच्या चक्रात तो जवळजवळ शून्यापासून ०.०६ च्या घरात फिरतो. सूर्यापासूनचं अंतर ग्रह घडताना जसं जमलं तसं जमलं. हे आकडे त्या त्या ग्रहाचे, विश्वाचे नव्हेत. तरी लोकांना त्यांत संकेत दिसतात. पृथ्वी सेकंदाला साधारण ३० किलोमीटर धावते, प्रकाश तीन लाख. गुणोत्तर जवळजवळ नेमकं दहा हजार! पण मंगळाचा वेग घ्या, सेकंदाला २४ किलोमीटर, की तेच गुणोत्तर साडेबारा हजारांच्या जवळ जातं आणि जादू ओसरते. याला ‘योगायोग’ हा चांगला शब्द मराठीत आहे, तो वापरावा. अणूची गोष्ट वेगळी. हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनने कुठल्या पातळीवर राहायचं हे प्लांकचा स्थिरांक, म्हणजे अणूंच्या जगातला मूलभूत स्थिरांक, ठरवून देतो. ग्रहावर असली सक्ती नाही.

गंमत अशी, की ‘कक्षा’ हा शब्दच सगळ्या ग्रहांना एका आकड्यात बांधण्याच्या एका प्रयत्नाचा साक्षीदार आहे. सूर्यसिद्धान्त या प्राचीन भारतीय ज्योतिर्गणिताच्या ग्रंथात ग्रहाच्या वर्तुळमार्गाला कक्षा म्हटलं आहे आणि धरून चाललं आहे की सगळे ग्रह दिवसाला सारखंच अंतर कापतात, सुमारे ११,८५९ योजनं. म्हणजे कक्षेची लांबी गुणिले कल्पातल्या (४३२ कोटी वर्षांतल्या) फेऱ्या, हा गुणाकार प्रत्येक ग्रहाला तोच येणार. तीच आकाशकक्षा: १८७१२०८०८६४०००००० योजनं. चंद्राची कक्षा ३,२४,००० योजनं घेतली की या एका आकड्यावरून बाकी सगळ्या निघतात. सूर्याची येते ४३,३१,५००, म्हणजे सूर्य चंद्राच्या जेमतेम साडेतेरा पट दूर. प्रत्यक्षात तो जवळपास ३९० पट दूर आहे. गणित चोख, गृहीतक चुकलेलं: बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो, नेपच्यून साडेपाचही नाही. तरी एका अंकात सगळं आकाश बसवण्याची हौस मला भारी वाटते. त्या आकड्याला आजच्या भाषेत कोणी ‘स्थिरांक’ म्हटलं तर मी हरकत घेणार नाही. त्या पद्धतीपुरता तो होताच.

मग व्याख्यानाचं नाव चूक आहे का? मुळीच नाही, वक्ते बुधाबद्दल बोलणार असतील तर. बुधाच्या कक्षेचा सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू हळूहळू सरकतो. इतर ग्रहांच्या ओढीचा हिशेब वजा केल्यावरही शतकाला ४३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) उरतात, आणि त्यांचा मेळ १९१५ साली आइन्स्टाइनने घातला. त्या सूत्रात गुरुत्व स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग दोन्ही आहेत, आणि सोबत सूर्याचं वस्तुमान व कक्षेचं मापही. तेव्हा ‘स्थिरांक आणि कक्षा’ चालेल. ‘कक्षांचे स्थिरांक’ असं मात्र फलकावर लिहू नये.