रंगभवनाच्या काळात रॉक बँड गावोगावी कसे वाजवायचे?

तुमचा प्रश्न असा आहे: ‘माझे बाबा कॉलेजात असताना रंगभवनात रॉक ऐकायला जायचे. तेव्हा मोबाइल नव्हते, इंटरनेट नव्हतं, मग हे बँड बाहेरगावी जाऊन वाजवायचे कसे? त्या वेळी वाजवलेलं कुणी इथे आहे का?’

आहे. मी मुंबईतल्या एका बँडमध्ये लीड गिटार वाजवायचो. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरुवात केली आणि नव्वदचं दशक संपता संपता थांबलो. बँडचं नाव देत नाही, कारण बाकीच्यांना विचारलेलं नाही. आणि मला जे सांगायचंय त्यात आम्ही तसेही दुय्यम आहोत. ते दौरे उभे राहिले ते गावोगावच्या साउंडवाल्यांमुळे. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हे उत्तर जरा लांबेल.

आधी रंगभवन. धोबी तलावला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, वर छप्पर नसलेलं नाट्यगृह. १९७८ पासून तिथे ‘जाझ यात्रा’ हा जाझ संगीताचा महोत्सव झाला. १९८६ साली फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक बँडचा महोत्सव सुरू केला आणि रंगभवन म्हणजे रॉक असं समीकरणच झालं. तुमचे बाबा बहुतेक त्याच गर्दीत असणार. ती गर्दी दयामाया दाखवायची नाही. ओळखीचं गाणं नीट वाजलं तर डोक्यावर घ्यायची, आणि एखाद्या बँडने स्वतःचं नवं गाणं काढलं की ओरडाआरडा सुरू. तरीही ‘रॉक मशीन’ या मुंबईच्या बँडने १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, पुढे १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं आणि आपलीच गाणी वाजवत राहिले. त्यांचे गिटारिस्ट महेश तिनईकर काय वाजवतात हे बघायला आम्ही स्टेजच्या अगदी कडेला जाऊन उभे राहायचो. हात बघायला मिळणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती. १९९१ नंतर घरोघरी केबल आली आणि एमटीव्हीवर बोटं दिसायला लागली, त्याआधी सगळं कॅसेटवर. चार सुरांचा तुकडा ऐकायचा, मागे न्यायचा, पुन्हा ऐकायचा. डेकची बटणं त्यातच खिळखिळी व्हायची.

आता दौरे. आज ‘टूर’ म्हटलं की ठरलेली शहरं, तिकिटं, मॅनेजर असं डोळ्यांसमोर येतं. आमचा दौरा म्हणजे कॉलेजांचे फेस्टिव्हल. पवईच्या आयआयटीचा ‘मूड इंडिगो’ डिसेंबरात, खरगपूरचा ‘स्प्रिंग फेस्ट’ जानेवारीत, शिवाय कानपूर, मद्रास, दिल्ली, पिलानी. पोस्टाने पत्र यायचं किंवा कुणाच्या तरी घरी एसटीडी कॉल. मिळायचं काय, तर सेकंड क्लासचं जाण्यायेण्याचं भाडं, हॉस्टेलची खोली, मेसचं जेवण, आणि स्पर्धा जिंकलात तर बक्षिसाची रक्कम. पैसे मिळवायला कुणी जात नव्हतं. दिवसा नोकरी असायची आणि रजा साठवून साठवून हे चालायचं.

खरगपूरला जायचं तर गीतांजली एक्स्प्रेस. गिटार बर्थखाली, पेडलची पिशवी उशाला, अ‍ॅम्प आणि ड्रम ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, लगेज म्हणून बुक केलेले. ब्रेकव्हॅन म्हटलं की पोटात गोळा यायचा. सामान आपल्याच गाडीला चढलंय का, हे बघायला ड्रमर कल्याण, इगतपुरी, भुसावळ, प्रत्येक ठिकाणी उतरून शेवटच्या डब्यापर्यंत पळत जायचा. डब्यातली माणसं पेटी बघून हमखास विचारायची, ‘सतार आहे का?’ गिटार म्हटलं की लगेच, ‘मग होऊन जाऊ दे एखादं.’ आम्हीही वाजवायचो. हिंदी गाणी, भावगीतं, समोरच्या आजोबांना आवडेल ते. रात्री नागपूरच्या पुढे सगळा डबा गातोय आणि आपण साथ करतोय, यातलं सुख मी कुठल्याही स्टेजच्या सुखाच्या खाली ठेवणार नाही.

पिलानीला रेल्वेच नव्हती, दिल्लीहून बसने जायचं. शिलाँगलाही नव्हती. गुवाहाटीपर्यंत गाडी आणि पुढे शंभरेक किलोमीटर घाट. पण शिलाँगला एकदा तरी वाजवावं असं प्रत्येकाला वाटायचं. तिथले गायक लू माजाव १९७२ पासून दर २४ मे रोजी अमेरिकन गायक बॉब डिलनचा वाढदिवस गाण्यांनी साजरा करतात. तिथल्या कार्यक्रमाला आजी, आई आणि नात शेजारी शेजारी बसून रॉक ऐकताना मी पहिल्यांदा पाहिलं. मुंबईत हे संगीत कॉलेजच्या पोरांचं मानलं जायचं. तिथे ते घरातलं होतं, आणि कान इतके तयार की एखादा सूर किंचित उतरला तरी पुढच्या रांगेतल्या बाईंच्या भुवया वर जायच्या.

सामानाचं सांगायचं तर बाहेरच्या देशातून येणाऱ्या गिटारवर भरमसाट कस्टम ड्यूटी. बहुतेकांची सुरुवात कलकत्त्याच्या गिव्हसनवर. चांगली गिटार किंवा बॉस कंपनीचं नारिंगी डिस्टॉर्शन पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने दाबायची डबी) यायचं ते जहाजावर काम करणाऱ्या कुणाच्या तरी सामानातून. यात गोवेकरांचे उपकार फार. धोबी तलाव, डाबूल, कावेल या भागांतल्या गोवेकर वादकांच्या घरांत आमच्यासारखी गिरगाव-दादरची मराठी मुलं शिकायला जायची. त्यातले अनेक जण सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवायचे, स्टाफ नोटेशन तोंडपाठ, आणि फी मागताना त्यांनाच संकोच व्हायचा. तारांचा संच महाग असल्यामुळे बेसवाला जुन्या तारा पाण्यात उकळून मळ काढायचा आणि पुन्हा चढवायचा. दोन-चार दिवस तरी आवाज खणखणीत राहायचा.

आणि आता साउंडवाले.

त्या वेळी रॉकसाठी वेगळी साउंड सिस्टीम मोठ्या शहरांतही मोजक्याच जणांकडे. बाहेरगावी कॉलेजची पोरं गावातल्या मंडपवाल्यालाच सांगायची. म्हणजे लग्न, गणपती, नवरात्र, प्रचारसभा आणि ऑर्केस्ट्रा करणारा माणूस. त्याच्याकडे आहुजाचे अ‍ॅम्प्लिफायर, कॉलम स्पीकर, दोन-चार हॉर्न, बांबूला बांधलेल्या ट्यूबलाइट आणि मैलभर वायर. मॉनिटर, म्हणजे वादकांकडे तोंड केलेला स्पीकर, हा प्रकारच नाही, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज समोरच्या इमारतीवर आपटून परत येईल तेवढाच.

विदर्भातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातली गोष्ट. दुपारी साउंड चेक. मी गिटार गळ्यात अडकवून माइककडे वाकणार, एवढ्यात मागून साउंडवाल्या काकांचा आवाज आला, ‘थांब ना बे पोट्ट्या, मले आधी पाहू दे!’ त्यांनी खिशातून टेस्टर काढला, एक हात माझ्या तारांना आणि टेस्टर माइकच्या जाळीला. दिवा लख्ख पेटला.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गिटारच्या तारा केबलमधून अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पला दोन पिनांचा प्लग असेल, अर्थिंग नसेल, तर त्या सांगाड्यात गळतीचा करंट येऊ शकतो. माइक दुसऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला, आणि मंडपाच्या वायरिंगमध्ये तो कधी कधी वेगळ्या फेजवर. बोटं तारांवर असताना ओठ माइकला लागले, की मधे उरतो फक्त आपला देह. घरातल्या सॉकेटला २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजच्या मधे ४०० च्या आसपास. जगभर यात वादकांचे जीव गेले आहेत. ओठांना चावल्यासारखा झटका तर आमच्या पिढीतल्या प्रत्येक गायकाने खाल्लाय. म्हणून माइकवर स्पंजची टोपी असायची. ती वाऱ्यासाठी असते असं लोकांना वाटायचं.

काकांनी सगळे प्लग एका फेजवर आणले. मग स्टेजच्या मागे लोखंडी सळई ठोकली, मेसमधून मीठ आणवलं, खड्ड्यात मीठ-पाणी ओतलं आणि तिथून जाड तार आमच्या अ‍ॅम्पला बांधली. पुन्हा टेस्टर लावला, दिवा लागला नाही. गिटारमधली घरघरही बरीच कमी झाली. हे ज्ञान त्यांना कुठल्या पुस्तकातून आलं नव्हतं. वर्षानुवर्षं पावसात, चिखलात, गणपतीच्या मांडवात माणसं सांभाळताना आलं होतं.

त्यानंतरचा प्रसंग मला जास्त आवडतो. मी डिस्टॉर्शन चालू केलं आणि काकांनी ताबडतोब माझा आवाज खाली घेतला. मी वाढवा म्हणालो, त्यांनी अजून कमी केला. त्यांना वाटलं हॉर्न फाटला. आयुष्यभर ज्या माणसाने आवाज फाटू नये म्हणून जीव टाकला, त्याला मी सांगत होतो की हा असाच फाटका हवाय. मी पेडल बंद करून साधा सूर ऐकवला, मग चालू करून तोच सूर लांबवून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, ‘म्हणजे सनईसारखा श्वास मोडू द्यायचा नाही.’ डिस्टॉर्शन कशासाठी वापरतात याचं इतकं नेमकं उत्तर मला त्याआधी किंवा नंतर कुणी दिलं नाही. मग त्यांनी खूण ठरवली. सोलोच्या, म्हणजे गिटारच्या एकट्या तुकड्याच्या, आधी मी मान वर करायची, ते आवाज वाढवणार. रात्री एकही सोलो चुकला नाही. गाणी त्यांनी त्याआधी कधी ऐकलेली नव्हती.

अशी माणसं प्रत्येक गावात भेटली. व्होल्टेज संध्याकाळी १८० वर उतरतं म्हणून स्वतःच्या घरचा स्टॅबिलायझर सायकलवर बांधून आणणारे. ट्यूबलाइटच्या चोकमुळे गिटार गुणगुणते हे ओळखून एकेक ट्यूब बंद करत जाऊन दोषी ट्यूब शोधणारे. कऱ्हाडकडच्या एका कॉलेजात ऐन गाण्यात लाइट गेली. ड्रमर थांबला नाही, आणि अंधारात पोरांनी अख्खं गाणं शब्दन् शब्द म्हटलं. ज्या बँडचं ते गाणं होतं, त्याची कॅसेटही त्या गावात विकत मिळत नव्हती, एकाची प्रत दुसऱ्याने, दुसऱ्याची तिसऱ्याने असं करत ती हॉस्टेलभर फिरलेली. जनरेटर सुरू झाल्याबरोबर साउंडवाल्याने स्पीकर धाडकन न उघडता पोरांच्या आवाजाखालून आमचा आवाज हळूहळू वर आणला. हे करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री तिथे असलेली माणसं अजून कधीमधी भेटतात. कुणी बँकेत आहे, कुणी धरणावर इंजिनिअर. पहिली आठवण सगळे तीच काढतात.

हे बदललं कसं, तेही थोडक्यात. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहाची मर्यादा आली, रुग्णालयं, शाळा-कॉलेजं आणि न्यायालयांभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. रंगभवनाच्या आसपास यातलं बरंच काही आहे, त्यामुळे तिथले कार्यक्रम बंद पडले. आजारी माणसाला झोप मिळायलाच हवी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या जागेच्या तोडीचं दुसरं खुलं नाट्यगृह दक्षिण मुंबईत तरुण वादकांसाठी कुणी उभारलं नाही, याचं मला आजही मनापासून वाईट वाटतं. पुढे १७ मार्च २००७ रोजी बंगलोरच्या पॅलेस ग्राउंडवर आयर्न मेडन हा इंग्लंडचा हेवी मेटल बँड आला, तेव्हा मी प्रेक्षकांत होतो आणि स्टेजपेक्षा मिक्सरच्या तंबूकडेच जास्त बघत होतो. मी वाजवणं थांबवलं ते कानांमुळे. उजव्या कानात कायमची शिट्टी बसली आहे. तुम्ही आज वाजवत असाल तर इअरप्लग वापरा, गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

शेवटी तुमच्या बाबांसाठी एक विनंती. त्या काळातले आमचे बहुतेक कार्यक्रम कुणी नीट रेकॉर्ड केलेले नाहीत. जे काही उरलंय ते प्रेक्षकांत बसून टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटमध्ये. बाबांकडे अशी एखादी असेल तर लगेच डेकमध्ये घालू नका. मुंबईच्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते, ती डेकच्या हेडला लागते आणि दुसऱ्या कॅसेटवरही पसरते. आधी खिडकीतून फीत बघा. पांढरे ठिपके दिसले तर ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि जुन्या टेप साफ करून डिजिटल करणाऱ्याकडे द्या. ठिपके नसतील तर एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून मगच वाजवा, आणि त्याच वेळी कंप्युटरवर उतरवून घ्या. कॅसेटच्या खोक्यावर साल आणि गाव लिहिलेलं असेल तर त्याचाही फोटो काढा. कार्यक्रम विदर्भातला असेल तर मला नक्की कळवा. त्या काकांनी लावलेला आवाज मला एकदा प्रेक्षकांच्या बाजूने ऐकायचाय.