जांघेतील खाज आणि दुकानातून आणलेले मलम

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून रिक्षा चालवतो. पाच महिन्यांपासून जांघेत खाज येते. औषधाच्या दुकानातून आणलेले मलम लावले की दोन-तीन दिवस बरे वाटते. बंद केले की चट्टा आणखी पसरतो. आता पत्नीच्या कमरेवरही तसाच चट्टा उठला आहे. हा गुप्तरोग आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : वर्णनावरून हे गजकर्ण, म्हणजे बुरशीचा संसर्ग असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. त्याची गणना गुप्तरोगांत होत नाही. मात्र तो स्पर्शातून आणि एकच टॉवेल वापरल्याने पसरतो, म्हणून दोघांनीही एकाच वेळी उपचार घ्यावेत.

आधी मलमाची ट्यूब वाचा. तिच्यावर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन असे नाव असल्यास त्यात स्टेरॉइड आहे. ते खाज आणि लाली दाबते, परंतु त्याबरोबर त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबत असल्याने बुरशी आत फोफावत राहते. शिवाय जांघेची त्वचा नाजूक असल्याने तेथे त्वचा ताणल्यासारखे, कधीही पूर्ण न जाणारे पट्टे उमटू शकतात. हे मलम थांबवा. त्यानंतर काही दिवस खाज वाढेल, पण त्यामुळे घाबरून ते पुन्हा लावू नका.

गजकर्णात चट्ट्याची कड लाल व उठावदार, मध्यभाग निवळलेला दिसतो आणि अंडकोषाच्या त्वचेवर बहुधा चट्टा नसतो. अंडकोषही लाल, ओलसर असून भोवती बारीक पुटकुळ्या असतील, तर कँडिडा या दुसऱ्या प्रकारच्या बुरशीची शंका येते आणि रक्तातील साखर तपासावी लागते. खाज रात्री असह्य होत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि लिंगावर गाठी असतील, तर ती खरूज असू शकते, आणि मग घरातील सर्वांनाच औषध लागते. स्टेरॉइडमुळे चट्ट्याचे मूळ रूप बदलते, त्यामुळे केवळ पाहून निदान चुकू शकते. म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन चट्ट्याच्या कडेची खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. ही तपासणी सोपी असते.

अशा जुन्या संसर्गात मलमाबरोबर बुरशीविरोधी गोळ्याही बहुधा काही आठवडे घ्याव्या लागतात. यकृताचा विकार किंवा इतर औषधे चालू असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगा. खाज थांबली म्हणून उपचार मध्येच सोडू नका. पायांच्या बोटांतही चिखल्या असतील, तर त्यांवरही उपचार करा आणि अंतर्वस्त्रापूर्वी मोजे घाला, कारण बुरशी तेथूनच वर येते. दिवसभर सीटवर बसून घाम साचतो, तेव्हा सैल सुती कपडे घाला, अंघोळीनंतर जांघ पूर्ण कोरडी करा आणि लिंबू किंवा जंतुनाशक द्रव तेथे लावू नका. पू, ताप, फोड किंवा लिंगावर व्रण दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.