तलावात गळाला नुसती चिलापीच (तिलापिया) लागते, रोहू-कटल्यासाठी कोणतं आमिष लावावं?

आमिषाचं नंतर बघू. तुमच्या तलावात रोहू आहे का, ते आधी विचारून या. प्रश्नात तुम्ही पुढं लिहिलंय, "गावातले जुने लोक म्हणतात, चिलापीनं रोहूची अंडी खाल्ली म्हणून रोहू संपला." ते वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य आमच्या घराला मी शाळेत असल्यापासून ऐकवलं जातंय.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात. गावचा पाझर तलाव 1972 च्या दुष्काळातल्या कामावर झालेला. त्यात चिलापी आणली आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी. उजनी धरणाच्या काठानं भिगवणला त्यांचं येणं-जाणं असायचं. एकदा पितळी कळशीत जिवंत चिलापी घातल्या, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि एसटीत बसले. कंडक्टरनं कळशीत काय आहे विचारलं, तर म्हणाले, "दहाव्याचं पाणी." त्यानं परत तिकडं बघितलं नाही. निम्म्याहून जास्त वाटेतच मेल्या, उरलेल्या तलावात सोडल्या.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी मागं सरलं तसे काठाच्या गाळात ताटलीएवढे गोल खड्डे दिसायला लागले. नर ते उकरतो. मादी त्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात घेऊन फिरते. अशी मादी धरून बादलीत टाकली की तोंड उघडून पिवळी अंडी, कधी टाचणीच्या डोक्याएवढाल्या डोळ्यांची पिल्लं बाहेर टाकते. मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मासा ओकतोय असंच वाटलं होतं. जो मासा पिल्लं तोंडात सांभाळतो आणि वर्षातून कितीदा तरी वितो, तो वाढणारच. हातावर पोट असलेल्या घरांत आठवड्याला कालवण व्हायला लागलं. तेव्हा अण्णांचं कौतुक झालं. मग रोहू दिसेनासा झाला आणि अण्णांच्या चुलतभावानं, आमच्या तात्यांनी, पारावर निकाल दिला, "यानं तलाव नासवला. चिलापीनं रोहूची अंडी खाल्ली."

आता ऐका. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या तलावात अंडी घालतच नाहीत. मादी अंड्यांनी फुगते, पण पावसाळ्यात नदीला येतं तसं पुराचं वाहतं पाणी मिळाल्याशिवाय अंडी सोडत नाही. म्हणून तर 1957 साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी ओडिशात इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन करून दाखवलं, त्याचं एवढं नाव झालं. त्यानंतर हॅचरीत बीज, म्हणजे माशांची पिल्लं, तयार व्हायला लागलं आणि तलावात विकत आणून सोडलं जातं. आमच्या तलावात जी अंडी कधी पडलीच नाहीत, ती चिलापीनं खाल्ली कशी? बीज सोडायचं काम मच्छीमार सोसायटीचं. ज्या वर्षांत रोहू संपला त्या वर्षांत बीज आलंच नाही आणि त्या काळात कमिटीवर कोण होतं ते तात्यांना विचारा. पुढं नव्या पोरांनी ठेका घेतला, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून सोडली आणि चिलापीनं भरलेल्या त्याच पाण्यात किलो-सव्वा किलोचे रोहू निघाले. तात्या म्हणाले, "पाऊस चांगला झाला म्हणून."

चिलापीला नावं ठेवणाऱ्यांचं मला हसू येतं. हीच माणसं सोलापूर हायवेला भिगवणला गाडी थांबवून चिलापी फ्राय खातात. रोहूच्या मांसात बारीक, दोन फाटे फुटलेले काटे असतात, लहान पोराला देताना जीव मुठीत धरावा लागतो. चिलापीचा मधला काटा काढला की झालं.

बरं, तुमचं आमिष. बीज टाकलेलं असेल तर गांडूळ लावू नका, त्यावर काठची चिलापी आधी तुटून पडते. शेंगदाण्याची पेंड भिजवून कणकेत घट्ट मळा, गळ जरा मोठा घ्या आणि काठापासून लांब टाका. टाकण्याआधी त्याच जागी पेंडीचे दोन-चार गोळे फेकून तासभर थांबा. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो वरच्या थरात चरतो, त्याच्यासाठी आमिष तरंगत्या बुचाच्या थोडंच खाली ठेवा. रोहूला मधल्या पाण्यात, मृगळाला तळाला. चिलापी बुचाला टकटक टोचते, रोहू ते बाजूला ओढत नेतो. टकटक चालू असताना झटका मारलात की नुसता गळ हातात येईल.

एक मात्र मान्य करतो, नाहीतर तात्यांचा कोणीतरी नातू इथं येऊन सांगेल. चिलापी माशांचं जिरं, म्हणजे अगदी बारीक पिल्लं, खाते. म्हणून बीज सोडायचं तर निदान बोटाएवढं तरी असावं, जिरं सोडलंत तर पैसे पाण्यात. तलावातले जुने बारके गावठी मासे कमी झाले त्यात तिचाही हात आहे. अण्णांचं बघून तुम्ही कळशी घेऊन निघू नका. उजनीत आता टाकीतला सकर मासा माजलाय, जाळी फाडतो आणि खायच्याही कामाचा नाही. घरच्या टाकीतलं काहीही तलावात सोडायचं नाही.

आणि गळ टाकायच्या आधी ठेका कोणाकडे आहे बघून परवानगी घ्या, तलाव सरकारी असला तरी त्यातला मासा ठेकेदाराचा असतो. तिथंच गेल्या दोन वर्षांत बीज टाकलं का तेही विचारा. नाही म्हणाले तर पेंडीवर खर्च करू नका, गांडूळ लावा आणि चिलापी धरा. तुमच्या गावच्या तात्यांना हे उत्तर वाचून दाखवलंत तरी माझी हरकत नाही.